भरून पावली

कोल्हापुरात घराचा व्यवहार ठरला की आधी विसार द्यायचा असतो. कुठे त्याला इसार म्हणतात, हल्लीची मुले टोकन म्हणतात, आमच्या घरात बयाना म्हणतात. (आमच्या घरच्या बोलीत एकटा माणूसही स्वतःला 'हम' म्हणतो. मराठी लिहितानाही तीच सवय राहिली आहे, वाचकांनी समजून घ्यावे.) उर्दू शाळेत शिकवत असल्यामुळे शब्द दिसला की तो उलटून पाहायची आम्हाला खोड आहे. बयाना 'बै' या अरबी शब्दावरून आला, बै म्हणजे विक्री. 'ईसार' उर्दूतही आहे, पण अर्थ अगदी निराळा. स्वतःला गरज असताना दुसऱ्याला आधी देणे, त्याला ईसार म्हणतात. मराठीतल्या इसाराशी त्याचे नाते आम्ही जोडत नाही. उच्चार जवळचा आहे एवढेच. पण घराचा कागद करताना एकाच कानावर हे दोन्ही शब्द पडले आणि ते डोक्यातून गेले नाहीत.

भाव ठरतो, विसार दिला जातो, संचकारपत्र होते, आणि अगदी शेवटच्या टप्प्यावर घेणारा म्हणतो, 'एवढे कमी करा, नाहीतर राहू द्या.' ज्याने घर विकले आहे त्याला ही गोष्ट नवी नाही. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा अकरा जणांपैकी चौघांच्या घरी असे घडलेले निघाले. गंमत अशी की कोणीही त्याला फसवणूक म्हणाले नाही. 'हुशार माणूस' म्हणाले. एक जण तर 'आपल्याला नाही बाबा असे जमत' असे कौतुकाने म्हणाले.

उशिरा भाव पाडणे नेहमीच वाईट असते असेही आम्हाला वाटत नाही. आमच्या घराच्या बाबतीत एकाच माणसाने दोनदा भाव पाडला. पहिल्यांदा तो बरोबर होता. दुसऱ्यांदा जे केले त्याला काय म्हणावे याचा विचार आम्ही अजून करतो आहोत.

घर शाहूपुरीत होते. शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारासाठी वसवलेली ही पेठ. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली ती १८९१ मध्ये, आणि स्टेशनजवळ गुळाची बाजारपेठ उभी राहिली. बऱ्याच गल्ल्यांना नावे नाहीत, आकडे आहेत. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले, तरी पेठेची वळणे राहिली. अब्बा एका अडत दुकानात दिवाणजी होते. तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब लिहिला आणि त्यातून दोन खोल्या, माडी आणि मागे चिंचोळे परसू एवढे घर उभे केले. सौद्याची एक गोष्ट ते नेहमी सांगायचे. गुळाचा भाव पुकारून ठरला आणि रवा फोडल्यावर आत वेगळा माल निघाला, तर तिथल्या तिथे भाव उतरायचा. शेतकरीही कुरकुर करायचा नाही, कारण माल सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असायचा. पण रवे ट्रकमध्ये चढले, शेतकरी गाडीभाडे देऊन बसला, आणि मग कोणी 'दर जास्त झाला' म्हणाला, तर त्याला पुढच्या सौद्यात कोणी जवळ उभे करायचे नाही.

२०१७ साली अब्बा गेले. मागे अम्मी, दोन बहिणी आणि आम्ही. शरीअतप्रमाणे अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे चार भाग, त्यात आमचे दोन आणि बहिणींचा एकेक. दोन खोल्यांचे असे भाग पाडता येत नाहीत. मोठी बहीण इचलकरंजीत, धाकटी मिरजेत भाड्याच्या घरात. विकायचे ठरले. अम्मीनेच ठरवले, आणि ठरवल्यावर आठवडाभर ती कोणाशी धड बोलली नाही.

गिऱ्हाईक पेठेतलेच मिळाले. अब्बांना ओळखणारे व्यापारी. जून २०१९ मध्ये ५१ लाखांना ठरले. पाच लाख विसार, सहा महिन्यांची मुदत, संचकारपत्र. सगळा व्यवहार चेकने करायचा ही अम्मीची अट होती, कारण रोख पैशाचे हिस्से करताना भावंडांत संशय येतो. एजंटाला ते आवडले नाही. 'थोडे वर, थोडे खाली' करण्याची पद्धत आहे, म्हणाला. त्या पद्धतीचे पुढे काय होते हे आम्ही नोव्हेंबर २०१६ मध्ये पाहिले होते. ८ तारखेच्या रात्री नोटा रद्द झाल्या, आणि आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना रोखीत मिळायची रक्कम हवेत गेली. घेणारा म्हणाला, 'कागदावर जे आहे तेच देतो.' मास्तर कोर्टात तरी काय सांगणार? जे लिहिलेच नाही ते मागायला गेलो तर आधी स्वतःलाच उत्तर द्यावे लागते. तसेही स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने जून २०१५ पासून बंदी आहे.

मग ऑगस्ट आला. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरले, गणपती तोंडावर आलेले, कुंभारांना मूर्ती उचलून हलवाव्या लागल्या. आमचे घर त्याच अंगाला. २००५ च्या पुरात पाणी जोत्याशी थांबले होते. ती खूण अम्मीने गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच बोट ठेवून दाखवली होती. या वेळी पाणी खोलीत आले, गुडघाभर. आठ दिवस राहिले.

पाणी उतरले त्याच आठवड्यात ते गृहस्थ आले. चप्पल हातात घेऊन चिखलातून आत आले, भिंतीला हात लावून पाहिला आणि उभ्या उभ्याच म्हणाले, 'मावशी, ५१ ला मी हे घेत नाही. ४८ देतो. नको असेल तर विसार सावकाश परत द्या, दुसरे गिऱ्हाईक बघा. माझे काही म्हणणे नाही.' अम्मीने दोन दिवस मागितले आणि हो म्हणाली. नव्या भावाची पुरवणी लिहून झाली.

तीन लाख म्हणजे आमचा तेव्हाचा वर्षाचा अर्ध्याहून जास्त पगार. तरी आम्हाला त्यात काही खटकले नाही. घर बदलले होते. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही जवळपास हेच सांगतो. मालकी घेणाऱ्याकडे गेल्यावर झालेले नुकसान घेणाऱ्याचे, तोपर्यंतचे विकणाऱ्याचे. त्याच कलमात हेही आहे की जो दोष घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. फिकहमध्ये त्याला 'खियारे ऐब' म्हणतात. मालात दोष निघाला तर व्यवहार मोडायचा अधिकार. अब्बांचा फुटलेला रवा तोच. शिवाय त्या गृहस्थांनी दुसरा दरवाजा उघडा ठेवला होता. मुदत संपायला चार महिने होते, आम्हाला दुसरे गिऱ्हाईक बघता आले असते.

त्या चार महिन्यांत ते दोनदा घरी आले. चहा घेतला, अम्मीची तब्येत विचारली, मुलींची चौकशी केली. अम्मीने मोकळेपणाने सांगितले की धाकटीने मिरजेत ब्लॉक बघितला आहे, विसारातले अडीच लाख तिने तिकडे विसार म्हणून दिले आहेत, डिसेंबरअखेर उरलेले द्यायचे आहेत. अब्बांच्या ओळखीचा माणूस, त्याच्यापासून काय लपवायचे?

खरेदीपत्राचा दिवस डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ठरला. दुय्यम निबंधक कार्यालयात ज्यांनी दिवस काढला आहे त्यांना वर्णन सांगायला नको. बहिणी सकाळच्या गाडीने आल्या होत्या. मुद्रांक शुल्क ४८ लाखांवर भरून झाले होते, टोकन नंबर लागला होता, ओळख पटवणारे दोन साक्षीदार बाकावर बसले होते. वकिलांनी पे ऑर्डर मोजल्या आणि आमच्याकडे बघितले. दोन लाख कमी होते.

ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, 'मंदी आहे मावशी. पुढच्या वर्षी परत पूर आला तर? ४६ ला बघा. कागद आहे तसाच राहू दे, त्याला हात नको लावायला.'

म्हणजे खरेदीपत्रावर ४८ लाखच राहणार. आणि त्याच्या तिसऱ्या पानावर प्रत्येक मराठी खरेदीपत्रात असते ते वाक्य होते, की सदर रक्कम आम्हांस भरून पावली, तीबाबत आमची काही तक्रार राहिली नाही. त्याखाली अम्मीने सही करायची.

आम्ही काही बोलायच्या आत अम्मी उठली. 'भाऊ, तुम्हाला घर नको असेल तर नको म्हणा. तुमचे पाच लाख मी कर्ज काढून देते. पण इथे बसून भाव करू नका.' तिने कुठल्या किताबात हे वाचले नव्हते. पण पुढे आम्ही वाचले तेव्हा लक्षात आले की ती 'इकाला' देऊ करत होती. व्यवहाराचा पस्तावा झालेल्या माणसाला मोकळे करणे याला इकाला म्हणतात, आणि जो असे मोकळे करतो त्याच्यासाठी हदीसमध्ये मोठा सवाब सांगितला आहे. म्हणजे माणसाला परवडले नाही, भीती वाटली, मन फिरले, तर त्याच्यासाठी वाट आहे. त्याने यावे, म्हणावे, मला सोडा. त्या गृहस्थांना सुटायचे नव्हते. घर हवेच होते. मंदी, पूर ही कारणे असतील, नाही असे नाही, पण पूर तर ऑगस्टमध्ये मोजून झाला होता. आणि चार महिन्यांत भाव चढला असता तर त्यांनी दोन लाख जास्त आणले असते का? नवीन काही कळले असेल तर ते एवढेच, की धाकटीची मुदत दहा दिवसांवर आहे. त्या दोन लाखांना त्यांनी घराची किंमत कमी केली नव्हती. त्यांनी आमची अडचण विकायला काढली होती, आणि ती आम्हालाच विकत होते.

धाकटी रडायला लागली. सही करा म्हणाली. तिचेही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. इथे खरेदीपत्र झाले नसते तर तिचे अडीच लाख तिकडे बुडाले असते, किंवा तिने मिरजेच्या मालकाला जाऊन तेच म्हटले असते जे आम्हाला आता ऐकावे लागत होते. आम्हाला त्या दिवशी सर्वांत जास्त हे लागले. वरच्याने खालच्याला दाबले की खालच्यानेही आणखी खालच्याला दाबावे लागते. इंग्लंडमध्ये याला रीतसर नाव आहे, गझंडरिंग. १९८९ नंतर तिथे घरांचे भाव पडले तेव्हा हा शब्द फार ऐकू येऊ लागला. तिथे दोन्ही बाजूंच्या करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणीच बांधलेला नसतो, आणि एकाच्या विक्रीवर दुसऱ्याची खरेदी अशी घरांची साखळी असते. एकाने शेवटच्या दिवशी भाव पाडला की साखळीतले सगळे हलतात. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये वकिलांची पत्रे होऊन करार लवकर पक्का होतो, तिथे हा प्रकार फारसा चालत नाही. त्यामुळे सगळा दोष माणसाच्या नियतीवर टाकायचीही गरज नाही. दार उघडे ठेवले तर कोणीतरी आत येणारच.

आमच्याकडे दार कागदावर तरी बंद आहे. संचकारपत्राने मालकी जात नाही, पण करार बांधतो. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा करार प्रत्यक्ष पुरा करून देणे हाच कोर्टाचा नियम आहे, पूर्वी ती कोर्टाची मर्जी होती. विसार बुडवण्याबद्दलही निकाल आहेत. सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या २०१२ च्या खटल्यात ७० लाखांचे घर होते, सात लाख बयाना. घेणाऱ्याने व्यवहार पुरा केला नाही, कागदात तशी अट होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने बयाना विकणाऱ्याकडे राहू दिला. वकिलांनी हे सगळे आम्हाला जिन्यात उभे राहून सांगितले. मग म्हणाले, 'सर, निकाल तुमच्या बाजूने लागेल. पण डिसेंबरात लागणार नाही.'

फिकहचे मत या बाबतीत कायद्याहून वेगळे आहे. हनफी, मालिकी आणि शाफई फुकहांच्या मते विकणाऱ्याने बयाना गिळायचा नसतो, बदल्यात काही न देता तो कसा घ्यायचा? हंबली मात्र परवानगी देतात, आणि त्यांची दलील एका घराचीच आहे. हजरत उमर यांच्यासाठी मक्केत तुरुंगाला जागा हवी होती. नाफे बिन अब्दुल हारिस यांनी सफवान बिन उमय्या यांचे घर ठरवले ते अशा अटीवर, की उमर राजी झाले तर घर त्यांचे, नाहीतर सफवानना चारशे मिळतील. १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही, मुदत ठरलेली असेल तर, बयान्याला मान्यता दिली. आम्ही हनफी. पण या वादात आम्हाला दोन्ही बाजूंची एक गोष्ट आवडली. दोघेही हे धरून चालतात की घेणारा एकतर घर घेईल किंवा सोडून जाईल. सोडूनही जायचे नाही आणि ठरल्या भावाने घ्यायचेही नाही, असा तिसरा माणूस त्यांनी हिशेबात धरलेला दिसत नाही. 'मजलिस उठेपर्यंत दोघांना माघारीचा अधिकार' असा एक नियम आहे. त्या 'उठण्या'चा अर्थ काय यावरही मतभेद आहेत. शाफई म्हणतात माणसे एकमेकांपासून दूर होईपर्यंत, हनफी म्हणतात बोलणे संपून होकार होईपर्यंत. कुठलाही धरा, जूनमध्ये बसलेली मजलिस डिसेंबरात उठली नाही असे कोणी म्हणणार नाही.

त्या दिवशी शेवटी वकिलांनी मध्यस्थी केली आणि ४७ वर आले. अम्मीने दोन गोष्टी सांगितल्या. एक, कागदावर ४७ च लिहायचे, ४८ भरून पावली यावर ती सही करणार नाही. खाली टायपिस्टकडून ते पान नवे करून आणले. शुल्क ४८ वर भरले होते ते जास्तीचे राहिले, त्याची हळहळ ज्यांची त्यांना. दुसरी गोष्ट, मुलींचे हिस्से ४८ च्या हिशेबाने द्यायचे, साडेदहा लाख प्रत्येकीला. तो एक लाख तिच्या आणि आमच्या हिश्श्यातून निम्मा निम्मा गेला. मोठी बहीण नको म्हणत होती. अम्मीने ऐकले नाही.

नंतर त्या गृहस्थांनी घर पाडून तीन मजली बांधले. वास्तुशांतीचे बोलावणे द्यायला स्वतः आले, अम्मीच्या पाया पडले. ते वाईट माणूस आहेत असे आम्हाला आजही म्हणता येत नाही. २०२१ च्या जुलैत पाणी परत आले, २०१९ पेक्षाही थोडे वर, तेव्हा शेजारच्या दोन कुटुंबांना त्यांनी आठवडाभर माडीवर ठेवून घेतले होते. त्यांच्या लेखी डिसेंबरमधली गोष्ट व्यवहारातली होती, ही माणुसकीतली. आमच्या पेठेत बरीच माणसे हे दोन्ही वेगळ्या वहीत लिहितात.

आता आम्ही घेणारे आहोत. सहा वर्षे भाड्याने काढल्यावर शहराच्या पूर्वेला एक जुना ब्लॉक बघितला आहे. मालक निवृत्त कारकून आहेत, मुलाकडे पुण्याला जायचे म्हणून विकतात. भाव ठरला, विसार दिला. मागच्या आठवड्यात बँकेच्या मूल्यांकनकाराने ठरल्या भावापेक्षा सव्वातीन लाख कमी किंमत धरली. बँक कर्ज देते ते तिच्या आकड्यावर, आमच्या नाही. शिवाय त्यांनी एक शेरा मारला आहे की गच्चीकडच्या दोन तुळयांत लोखंड उघडे पडले आहे. ते आम्हाला दिसले नव्हते, मालकांनाही माहीत असेल असे वाटत नाही, वरच्या छताआड आहे.

एजंटाचा सल्ला असा की हा कागद आत्ता दाखवू नका. मालकांनी पुण्याच्या घराची बोलणी केली आहेत, महिनाभरात तिकडे पैसे भरतील, मग दाखवा. सव्वातीन काय, पाच सुटतील.

तुळयांचे पैसे मागायला हरकत नाही असे आमचे मत आहे. मूल्यांकनाचे मागता येतील का, याबद्दल खात्री नाही. बँकेचा आकडा हा घराचा दोष नव्हे, ती आमची अडचण आहे, आणि त्यासाठी मागायचे झाले तर सूट मागावी की सुटका, हे अम्मीला विचारायचे आहे. कागदाची झेरॉक्स काढून ठेवली आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर मालकांकडे जाणार आहोत. संचकारपत्राची मुदत संपायला अजून सत्तर दिवस आहेत.